‘नाहीत किंवा नाहीत’चा हिशेब

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची मुदत 31 डिसेंबर 2025 रोजी संपली आणि पुढच्याच महिन्यात महिला व बालविकास विभागाला अंगणवाडी सेविकांकडून प्रत्यक्ष पडताळणी करून घेण्याचे जाहीर करावे लागले. कारण दिले गेले ते बहिणींनी चुकीचा पर्याय निवडल्याचे. पण तो पर्याय ज्या वाक्याखाली होता ते वाक्य आपल्या संगणक व्यवसायातल्या कोणाच्या तरी हातून पडद्यावर गेले, हे या मासिकाच्या वाचकांनी विसरू नये. कुटुंबातले सदस्य सरकारी सेवेत कायम कर्मचारी नाहीत किंवा निवृत्तिवेतन घेत नाहीत, अशा आशयाचे ते विधान, आणि उत्तराला ‘होय’ व ‘नाही’. घरात कोणी नोकरीत नाही ना, असे विचारले तर चुडावा गावातली शेतमजूर बाई ‘नाही’ म्हणेल, आणि ते खरेच असेल. तिच्या त्या खऱ्या उत्तराने संगणकातला नकार मात्र उलटतो आणि तिचे घर सरकारी नोकरदाराचे ठरते.

त्या ‘किंवा’कडेही बघा. निवृत्त कारकून आज सेवेत नाही, म्हणजे विधानाचा पहिला भाग खरा. ‘ऑर’ने जोडल्यामुळे सारे विधान खरे. त्याच्या घरातल्या बाईने ‘होय’ म्हटले तर तर्काने ती चुकत नाही. याउलट ‘नाही’चा काटेकोर अर्थ निघतो तो सेवेतही आहे आणि निवृत्तिवेतनही आहे, असा. दोन अपात्रता ‘किंवा’ने जोडलेल्या असतील तर त्यांचा नकार ‘आणि’ने जोडावा लागतो. मदुराईत 1806 साली जन्मलेल्या ऑगस्टस डी मॉर्गनच्या नावाने हा नियम आपण पहिल्याच वर्षात शिकतो. बोलण्यात लोक ते वाक्य बरोबर समजतात, असे कोणी म्हणेल. समजतात हे मान्य. पण मग ‘नाही’सुद्धा बोलण्यातलेच समजायला हवे होते. प्रश्न बोलीचा आणि उत्तर बूलियन, असे चालणार नाही.

याच योजनेतली चारचाकीची अट आणखी अवघड आहे. 28 जून 2024 च्या शासन निर्णयाने चारचाकी असलेले कुटुंब अपात्र केले, ट्रॅक्टर वगळून. घाईत नकार लिहिणारा ‘चारचाकी नाही आणि ट्रॅक्टर आहे’ असे लिहून बसतो. म्हणजे ट्रॅक्टर नसलेली सगळी गरीब घरे बाहेर. ‘आणि’चा ‘किंवा’ केला की घरी काहीच नसलेली बाईही आत येते. पण एवढ्यावर थांबणाऱ्याला दारात जीप आणि ट्रॅक्टर दोन्ही असलेले घर चकवते. ‘एखादे वाहन ट्रॅक्टर आहे’ एवढेच तपासले तर ते घर पात्र ठरते. तपासायचे असते ‘ट्रॅक्टर सोडून एकही चारचाकी नाही’ हे. परिवहन नोंदीत वाहनाचा वर्ग कोरा असेल तर एसक्यूएलची तुलना ना खरी ना खोटी राहते, आणि त्या ‘अज्ञात’चा नकारही अज्ञातच. अशी ओळ गुपचूप वगळली जाते, कुठे त्रुटीचा संदेशही उमटत नाही.

मजकूर विभागाकडून आला, आम्ही फक्त चढवला, ही सबब आता पुरे. शासन निर्णय लिहिणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याला सत्यता सारणी येत नसेल. तुम्हाला येते, त्याचेच पैसे मिळतात. बदलाचा अधिकार आपल्याला नाही हेही खरे, पण सारणी जोडून विभागाला लेखी विचारण्यापासून कोणी अडवलेले नाही. अधिकाऱ्यांनीही एका प्रश्नात दोन अटी कोंबायचे थांबवावे. दरमहा 1,500 रुपये अडले की तालुक्याला खेटे घालायचे ते त्या बाईने, आणि घरोघर फिरायचे ते सेविकेने.

तेव्हा पुढच्या कामापासून एवढे कराच. प्रश्न होकारार्थी लिहा: घरात कोणी सरकारी सेवेत आहे का? कोणाला निवृत्तिवेतन मिळते का? दोन अटी, दोन प्रश्न, दोन रकाने. नकार एकदाच, अंतिम निर्णयाच्या ओळीत. कोऱ्या नोंदी स्वतंत्र यादीत काढा, त्यांना अपात्र म्हणू नका. आणि चाचणीला निवृत्त कारकुनाचे, जीप-ट्रॅक्टरवाल्याचे आणि काहीच नसलेल्या बाईचे, अशी तीन घरे घेतल्याशिवाय फॉर्म सुरू करू नका.