धावपट्टी म्हणजे विमानतळ नव्हे

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळाचा विषय निघाला की आमच्या कापड बाजारात एक सवाल हमखास ऐकू येतो, "आपली चादर काय विमानाने जाते?" सवाल रास्त आहे. चादर आणि टॉवेल वजनाला जड आणि किमतीला हलके. त्यांचा प्रवास ट्रकने होतो आणि परदेशी जायचे तर बंदरातून जहाजाने. विमानाने माल धाडला तर सगळा नफा भाड्यातच जाईल.

पण माल विमानाने जात नसला तरी माल घेणारा विमानाने येतो. दिल्लीचा किंवा दुबईचा खरेदीदार एक दिवस काढून येतो, चार कारखाने पाहतो, नमुने हातात घेतो आणि सौदा करतो. दिल्लीत उतरलेल्याला पानिपत मोटारीने दोन-तीन तासांवर आहे. तिरुचिरापल्लीत उतरलेल्याला करूर जवळ आहे. सोलापूरसाठी मात्र पुणे किंवा हैदराबादला उतरून पुन्हा चार-पाच तास रस्ता कापावा लागे. ज्याला तिन्ही ठिकाणी साधारण सारखाच टॉवेल मिळतो, तो सोयीच्या गावी जातो. जो सौदा झालाच नाही त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही, म्हणून हे नुकसान आपल्याला दिसत नाही. त्याचा मार मात्र शेवटी मागावर बसणाऱ्या कारागिराला बसतो.

या विमानतळाचा इतिहास आपण नीट समजून घेतला पाहिजे. धावपट्टी बरीच जुनी आहे. २०१० च्या सुमारास किंगफिशर कंपनीची विमाने काही काळ मुंबईहून येत असत. ती बंद झाली आणि २०१२ मध्ये ती कंपनीच बसली. शहराच्या पोटातला हा विमानतळ अपुरा पडेल म्हणून बोरामणी येथे मोठा विमानतळ बांधायचे ठरले. तिथे जमीन घेतली गेली, पण वनखात्याच्या जमिनीचा प्रश्न वर्षानुवर्षे लटकत राहिला. पुढे केंद्र सरकारची 'उडान' योजना आली. २०१७ च्या तिच्या पहिल्या यादीत महाराष्ट्रातील नांदेड, नाशिक, कोल्हापूर आणि जळगाव यांच्याबरोबर सोलापूरचेही नाव होते. त्या चार गावी विमाने आली, सोलापुरात मात्र आली नाहीत.

कारण होते सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी. विमान थेट वरून खाली येत नाही. ते कित्येक किलोमीटर आधीपासून उतार धरून येते. धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडील हा उतार मोकळा असावा लागतो आणि आसपासच्या बांधकामाची उंची ठरलेली असते. त्या हिशेबात काही बसत नसेल तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालय प्रवासी सेवेची परवानगी देत नाही. चिमणीचा वाद कोर्टकचेऱ्यांत आणि मोर्चांत वर्षे चालला. कारखान्याच्या सभासदांचे आणि कामगारांचे म्हणणेही अगदीच पोकळ नव्हते. त्यांच्या उसाचा आणि मजुरीचा प्रश्न होता. अखेर १५ जून २०२३ रोजी महापालिकेने चिमणी पाडली.

त्यानंतर इमारतीची आणि धावपट्टीची दुरुस्ती झाली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे उद्घाटन झाले. पहिले प्रवासी विमान मात्र जून २०२५ मध्ये गोव्याहून आले, ते 'फ्लाय ९१' कंपनीचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'स्टार एअर'ने मुंबईची सेवा सुरू केली. चिमणी पाडल्यापासून मुंबईचे विमान सुटेपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ गेला. फीत कापणे आणि सेवा सुरू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा पहिला धडा.

दुसरा धडा याहून महत्त्वाचा आहे. सेवा सुरू होणे आणि सेवा टिकणे याही वेगळ्या गोष्टी आहेत. लहान गावाचे विमान सुरुवातीला सरकारी मदतीवर उडते. उडान योजनेत ठरावीक जागांचे भाडे मर्यादित ठेवायचे आणि कंपनीला पडणारी तूट सरकारने भरून द्यायची, अशी व्यवस्था आहे. मुदत तीन वर्षे. सोलापूर-मुंबईसाठी राज्य सरकारनेही अशीच तूट भरून देण्याचा निर्णय २०२५ मध्ये घेतला. मदतीची मुदत संपली की कंपनी आपला हिशेब मांडते आणि जागा रिकाम्या जात असतील तर विमान दुसऱ्या गावी नेते. यात तिला दोष देण्याचे कारण नाही. आपणही तोट्याचे दुकान चालवत नाही.

देशाच्या महालेखापरीक्षकांचा या योजनेवरील अहवाल २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यातील आकडे प्रत्येक व्यापाऱ्याने पाहावेत. तपासणीतील ७७४ मार्गांपैकी ३७१ मार्गच सुरू झाले. त्यांपैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. आणि मार्च २०२३ पर्यंत त्यांतले ५४ मार्गच चालू राहिले. जळगावचे उदाहरण समोर आहे. डिसेंबर २०१७ मध्ये तिथे मुंबईचे विमान मोठ्या थाटात आले आणि थोड्याच महिन्यांत बंद पडले. नांदेडला ट्रूजेट कंपनी येत होती. २०२२ मध्ये ती कंपनीच थांबली आणि विमानतळ सुना पडला. धावपट्टी जागेवरच होती, पण विमान नव्हते. धावपट्टी म्हणजे विमानतळ नव्हे. वेळापत्रक म्हणजे विमानतळ.

मग सोलापूरचे वेळापत्रक टिकवण्यासाठी आपण काय करावे? तीन गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट वेळेची. आपला व्यापारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये झोपतो आणि सकाळी मुंबईत कामाला लागतो. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही मिळाली, ती साधारण साडेसहा तासांत पोहोचवते. कमी तिकिटात हे जमत असताना तो रोज विमान पकडणार नाही. म्हणून विमान भरायचे ते बाहेरून येणाऱ्या माणसाने. त्यासाठी मुंबईत त्याला पुढचे-मागचे विमान जोडून मिळाले पाहिजे. मुंबईच्या विमानतळावर सोयीच्या वेळा लहान कंपन्यांना सहजी मिळत नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून वाहतूक सुरू झाली. तिथे सोलापूरसाठी सोयीची वेळ मिळावी, ही मागणी चादर, टॉवेल आणि गणवेश या तिन्ही धंद्यांच्या संघटनांनी एकत्र येऊन लेखी केली पाहिजे.

दुसरी गोष्ट आकड्यांची. "विमान हवे" असे नुसते म्हणून भागत नाही. वर्षभरात आपल्याकडे बाहेरचे किती खरेदीदार आले, कोठून आले, कोणत्या महिन्यांत आले, याची नोंद प्रत्येक कारखानदाराने ठेवावी. शंभर दुकानांची अशी नोंद एकत्र केली तर विमान कंपनीच्या माणसासमोर ठेवायला कागद तयार होतो. कंपनी निवेदनाने हलत नाही, आकड्याने हलते. नमुन्यांची तातडीची पार्सले किती जातील, हेही त्याच कागदावर लिहावे.

तिसरी गोष्ट आपल्या मोहल्ल्याची. विमानतळ महापालिकेच्या मालकीचा नाही, तो केंद्राच्या प्राधिकरणाचा आहे. पण त्याच्या भोवतालचे बांधकाम, कचरा आणि पक्षी यांचा संबंध महापालिकेशी आणि आपल्याशी येतो. विमान नियमांनुसार विमानतळाच्या १० किलोमीटर परिसरात उघड्यावर जनावरे कापणे आणि घाण टाकणे यावर बंधन आहे. कारण घाणीवर घारी येतात आणि एक घार विमानाच्या इंजिनात गेली तर काय होईल हे सांगायला नको. मांस आणि कातड्याच्या धंद्यातील बंधूंनी, विशेषतः बकरी ईदच्या दिवसांत, अवशेष बंद गाडीतूनच जातील असे पाहावे. तसेच बंद गाड्या आणि योग्य जागा पुरवणे हे महापालिकेचे काम आहे, हेही तिला ठणकावून सांगावे. नियम आपण पाळायचे आणि सोय त्यांनी करायची, हा सौदा दोन्ही बाजूंनी सरळ आहे. उंचीचा नियमही तसाच. होटगी रस्त्याकडे मजला चढवण्यापूर्वी परवानगी तपासा. एका चिमणीने शहराची किती वर्षे खाल्ली ते आपण पाहिले आहे.

सोलापूरच्या मालाला नाव आहे, भौगोलिक मानांकन आहे, हात कसबी आहेत. खरेदीदाराला इथवर आणणारी वाट इतकी वर्षे नव्हती, ती आता उघडली आहे. सरकारी मदत चालू आहे तोवरच ती आपल्या व्यापाराने पक्की केली पाहिजे. मदत संपल्यावर मोर्चा काढून विमान परत येत नसते.