पत्ता निवडण्याचा हक्क

ज्याला घर त्याला पत्ता, आणि ज्याला पत्ता त्यालाच कागद, असा आपल्या सरकारी कचेऱ्यांचा अलिखित दंडक आहे. बाराही महिने पालात राहून गावोगाव फिरणाऱ्या घिसाडी, वैदू, नंदीवाले यांच्या कुटुंबांना त्याचा जाच सर्वाधिक होतो. शिधापत्रिका असो, मतदारयादी असो की बँकेचे खाते, प्रत्येक अर्जात ‘कायमचा पत्ता’ हा रकाना असतोच. तेथे त्यांनी काय लिहावे?

सरकारला भटक्यांचा पत्ता एके काळी फार हवा होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी कित्येक फिरत्या जमातींची नोंद केली, त्यांच्यामागे हजेरी लावली, परवान्यावाचून वस्ती सोडण्यास बंदी केली. तो पत्ता पहाऱ्यासाठी होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. परंतु हक्कासाठी पत्ता देण्याची तत्परता पुढे कोणी दाखविली नाही. महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांच्या जातीच्या दाखल्यासाठी पूर्वजांच्या वास्तव्याची तारीख २१ नोव्हेंबर १९६१ ही धरली आहे. त्या दिवशी ज्याच्या डोक्यावर पाल होते, त्याच्या नातवाने सातबारा कोठून आणावा?

वस्तुतः कायदा इतका आंधळा नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदाराला घर असावे असे कोठेही म्हटलेले नाही. तो त्या मतदारसंघाचा ‘सर्वसाधारण रहिवासी’ असावा, एवढीच अट आहे. केवळ घराची मालकी म्हणजे रहिवास नव्हे, असेही २० वे कलम बजावते. बेघर माणूस सांगितलेल्या जागी झोपतो याची अधिकाऱ्याने रात्री जाऊन खात्री केली, तर कागदी पुरावा लागत नाही, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. परंतु ही सोय रोज एकाच फुटपाथवर झोपणाऱ्याच्या कामाची. नंदीवाला तोवर तालुका ओलांडून गेलेला असतो.

मार्ग याच कलमात आहे. सैनिक सीमेवर असला, तरी नोकरी नसती तर तो जेथे राहिला असता ते गाव त्याचे मानले जाते. त्याने लिहून दिलेले निवेदन, विरुद्ध पुरावा नसेल तर, खरे धरले जाते. राष्ट्रपतींनी ठरविलेल्या काही उच्च पदांवरील व्यक्तींनाही हीच सवलत आहे. सैनिकाचा शब्द चालतो हे योग्यच आहे. मग पोटासाठी फिरणाऱ्या घिसाड्याचा शब्द का चालू नये?

यातून बोगस मतदार वाढतील, असा आक्षेप येईल. दोन ठिकाणी नाव नोंदविण्यास १७ व्या व १८ व्या कलमांनी आधीच मनाई केली आहे. आमची मागणी एकाच पत्त्याची आहे. मात्र तो निवडण्याचा अधिकार फिरणाऱ्याचा असावा. जत्रेचे गाव, कुलदैवताचे गाव किंवा पावसाळी मुक्कामाचे गाव, यांपैकी त्याने सांगावे ते. तेथील ग्रामपंचायतीने त्याचे नाव नोंदवावे आणि त्याचे टपाल सांभाळून ठेवावे.

घर देणे हे सरकारचे कर्तव्य आहेच. परंतु ते मिळेपर्यंत माणसाचे नागरिकत्व तहकूब ठेवता येणार नाही. कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्यात पाले थांबतील तेथे जावे, अर्ज भरून घ्यावेत, आणि ते नाकारले गेल्यास नकार लेखी मागावा.