भंगारवाल्याचं इंजिनिअरिंग

"अभ्यास कर, नाहीतर भंगार गोळा करत फिरशील!" हे वाक्य लहानपणी कोणी ऐकलं नाही? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ते इंग्रजीतून ऐकवायचे, इतकाच काय तो फरक! माझी पंचाईत अशी, की माझे सख्खे मामा खरोखरच भंगाराच्या धंद्यात आहेत. सोनगीरला. जुन्या गाड्या विकत घ्यायच्या, तोडायच्या आणि माल विकायचा. दोन मुलांची शिक्षणं आणि आजोबांचं औषधपाणी याच धंद्यावर चालतं. तेव्हा या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते.

धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. किल्ल्याचं गाव, पण त्याहून जास्त ओळख तांब्या-पितळेच्या भांड्यांची. तांबटाकडे जुना फुटका हंडा नेला की तो 'मोड' म्हणून वजनावर घेतला जातो आणि मोडीचे पैसे नव्या भांड्याच्या किमतीतून वजा होतात. फुटक्या हंड्याला कोणी कचरा म्हणत नाही. मग गंजलेली गाडी तेवढी कचरा कशी? गिऱ्हाईक "भंगार" म्हणालं की मामा शांतपणे सांगतात, "भंगार नही भाऊ, माल शे हाऊ."

आता जरा हिशोब करू. (इंजिनिअरिंगची मुलं ना आपण!) मारुती ८०० घ्या. १९८३ साली आली, २०१४ साली तिचं उत्पादन थांबलं. वजन साधारण ६५० किलो. त्यातलं दोन तृतीयांश लोखंड-पोलाद धरलं तर झाले सव्वाचारशे-साडेचारशे किलो. किलोला ३० रुपये भाव धरला तर जेमतेम १३ हजार. यातून गाडीची किंमत, आणण्याचं भाडं, गॅसकटर आणि मजुरी वजा करा. उरलं काय? म्हणूनच खरी कमाई वजनात नाही, ओळखण्यात आहे. गिअरबॉक्स चालू आहे का, अल्टरनेटर आणि सेल्फ बरे आहेत का, दरवाजे-काचा कुठल्या मॉडेलला बसतील, रेडिएटर जुना तांब्या-पितळेचा की नवा अॅल्युमिनियमचा... मामा बॉनेट उघडून दहा मिनिटांत आकडा सांगतात. आपण व्हायवामध्ये डिफरन्शियलवर तेवढी मिनिटं बोलू शकतो का? ज्याने त्याने आपापल्या मनाशी उत्तर द्यावं!

सुटे भाग गॅरेजला गेले की उरलेलं लोखंड भट्टीत जातं. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे जालना. तिथल्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार वितळून बांधकामाच्या सळया होतात. आणि अॅल्युमिनियम तर खनिजापासून बनवण्याऐवजी भंगारातून वितळवलं की सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. पर्यावरण दिनाला आपण पोस्टर चिकटवतो. हे लोक ते काम रोज करतात, फक्त पोस्टर लावत नाहीत.

मात्र सगळं गोड नाही. इंजिन ऑइल जमिनीत मुरतं, तांब्यासाठी वायर जाळली जाते, बॅटरीचं अॅसिड कुठेही ओतलं जातं. चोरीच्या गाड्याही याच वाटेने गायब होतात. मेरठचा सोतीगंज बाजार याच कारणाने डिसेंबर २०२१ मध्ये बंद झाला. पण दुसरी बाजूही बघा. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० च्या किरणोत्सर्गाने एका कामगाराचा जीव गेला. ते यंत्र आलं होतं दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाच्या लिलावातून! शिकलेल्यांनी सांगायचं ते सांगितलं नाही, आणि तोडणाऱ्याने भोगलं.

यावर उपाय म्हणून सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये वाहन भंगार केंद्रांचे नियम आणले. नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली की प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नव्या गाडीच्या रस्ता करात खासगी वाहनाला २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. तेल, वायू, बॅटरी आधी काढून मगच गाडी तोडायची, हेही बंधन आहे. नियम चांगलेच आहेत. पण केंद्राच्या नोंदणीला १ लाख रुपये फी आणि १० लाखांची बँक हमी! शिवाय जागा, काटा आणि यंत्रं वेगळीच. प्रमाणपत्र हवं असलेला मालक मामांकडे येईलच कशाला? तीस वर्षं हात काळे केलेल्या माणसाने उद्या कोणा शेठच्या केंद्रात रोजंदारीवर जायचं का?

माझं मत स्पष्ट आहे. नियम सैल करू नका, पण छोट्या माणसाला नियमात आणा. एकट्या माणसालाच नाही, तर संस्थेलाही अशी नोंदणी मिळू शकते. तालुक्यातल्या आठ-दहा जणांनी मिळून संस्था काढली तर फी आणि हमी वाटली जाईल. खान्देशात दुधाची सोसायटी चालते, मग मोडीची का नाही? त्यांना लागणारा प्रोजेक्ट रिपोर्ट, ऑइल काढून घेणारा स्वस्त स्टँड, वायर न जाळता सोलणारं साधं मशीन, हे आपण करू शकतो. दरवर्षी फायनल इयरला तेच ते जुने प्रोजेक्ट नवं कव्हर घालून जमा होतात (सरांनाही माहीत आहे, ते सांगत नाहीत एवढंच!). त्याऐवजी एक तरी ग्रुप या कामाला लागू दे. सरांनी वर्कशॉपची परवानगी दिली, तर मामांच्या ओळखीचे दोघे-तिघे दाखवायला यायला तयार आहेत. व्हिजिटिंग फॅकल्टीचं मानधन नको, चहा पुरे.

आणि सुरुवात हॉस्टेलपासूनच करता येईल. सायकल स्टँडच्या मागे पास-आऊट सिनियर्सच्या तीन बाईक गंजत उभ्या आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकाने शक्यतो १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करायची असते. नाहीतर गाडी भंगारात आणि तिचा नंबर भलत्याच गाडीवर, असं होऊ शकतं. रेक्टर सरांकडे त्या सिनियर्सचे पत्ते असतीलच. मालकांना पत्रं लिहायचं काम मी घेते. पाने कोण आणतंय?