पोराले कोनता बाजा घ्यावा?

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात आणि लगेच पंधरा ऑगस्टच्या संचलनाचे वेध लागतात. शाळेच्या बँडमध्ये नवी मुलं घेतली जातात. मग एखादा बाप बँडच्या दुकानाची पायरी चढून मास्तरांना विचारतो, "पोराले बाजा घेऊन द्याचा हाय, कोनता घेऊ?" दारव्हा असो, वणी असो की उमरखेड, प्रश्न हाच. आपल्या बँडवाल्यांपैकी बहुतेकांचं उत्तरही ठरलेलं: "सध्या सस्ता घ्या. पोरगं टिकलं तर पुढे चांगला पाहू." या उत्तरावर आमचा आक्षेप आहे.

पोरगं टिकत नाही असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा न टिकणारा बाजाच असतो. पिस्टन अडकला की मुरलेला वादक तेल टाकतो, एक शिवी हासडतो आणि पुढचं गाणं धरतो. एखादा स्वर मुळातच चढा असेल तर ओठ सैल करून तो खाली आणतो. नऊ वर्षांच्या मुलाला यातलं काहीच येत नसतं. स्वर चुकला की त्याला वाटतं आपणच चुकलो. दिवाळीपर्यंत बाजा माळ्यावर जातो आणि "आमच्या पोराच्या अंगात संगीत नाही" असा घरचा निकाल लागतो. आपल्या पथकांतही रीत अशीच उफराटी आहे. सगळ्यांत फुटका बाजा शिकाऊच्या हाती आणि चांगला मास्तरांच्या. खरं तर वाईट बाजा सांभाळून घेण्याची ताकद फक्त मास्तरांत असते.

ट्रम्पेट म्हणजे साधारण दीड मीटर लांबीची नळी, गुंडाळलेली. तीन पिस्टन दाबले की नळी तेवढी लांबते: दुसऱ्याने अर्धा स्वर उतरतो, पहिल्याने पूर्ण आणि तिसऱ्याने दीड. म्हणजे सगळा खेळ हवा न गळण्यावर आणि पिस्टन न अडकण्यावर आहे. बाहेरची चकाकी, भोंग्यावरची नक्षी, निळा-तांबडा रंग यांचा स्वराशी काही संबंध नाही. रंगीत बाजाकडे मूल धावतं हे खरं, पण त्या किमतीत रंगावर खर्च झाला असेल तर पिस्टनवर किती झाला असेल, हे बापाला सांगणं आपलं काम.

दुकानात उभ्या उभ्या करायची परीक्षा अवघड नाही. पिस्टन अगदी हळू दाबावा, सरळ आणि मग बोट थोडं तिरकं ठेवून. वाटेत कुठे खरखर लागली, किंवा सोडल्यावर तो वर यायला रेंगाळला, तर बाजा परत ठेवावा. मग पिस्टन न दाबता दुसऱ्या पिस्टनची छोटी स्लाइड, म्हणजे सरकती नळी, ओढून काढावी. 'पॉक्' असा आवाज आला तर पिस्टन घट्ट बसतो. आवाज न होता स्लाइड हाती आली तर आतून हवा गळते आहे, आणि पिस्टन झिजला असेल तर तेलाने काही होणार नाही. चारही स्लाइड हलतात का पाहावं. तिसऱ्या स्लाइडला बोट अडकवायची कडी हवी, आणि ती वाजवता वाजवता सरकली पाहिजे, कारण पहिला-तिसरा आणि तिन्ही पिस्टन दाबून निघणारे खालचे स्वर जातीनेच चढे असतात. माऊथपीस जिथे बसतो त्या नळीवर गुलाबी-तांबूस डाग दिसले तर पितळातलं जस्त झिजून गेलं आहे. त्या नळीला आज ना उद्या भोक पडणार.

स्वराची तपासणी हार्मोनियमवर होते. नेहमीच्या ट्रम्पेटचा एकही पिस्टन न दाबता निघणारा 'सा' हार्मोनियमच्या काळी पाचला मिळायला हवा. जुन्या बाजांबाबत इथेच फसगत होते. ब्रिटिश लष्करी आणि ब्रास बँडांत पूर्वी सूर आजच्या 440 हर्ट्झऐवजी 452.5 हर्ट्झच्या चढ्या पट्टीत लावत. ब्रास बँडांत ही पट्टी 1960 च्या दशकापर्यंत टिकली. हा फरक लगतच्या काळी-पांढरीतल्या अंतराच्या जवळजवळ निम्मा आहे. असा बाजा आजच्या पट्टीत आणायला मोठी स्लाइड सुमारे 2 सेंटिमीटर बाहेर ओढावी लागते, आणि मग पिस्टनचे स्वर आपापसांत बिनसतात. आजोबांचा बाजा म्हणून माळ्यावरून उतरवलेला ट्रम्पेट कौतुकाने जपावा, शिकायला देऊ नये.

आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी आमचं पहिलं मत कॉर्नेटला. नळीची लांबी तीच, पट्टी तीच, बोटं तीच, फक्त वळणं जास्त असल्याने वजन छातीजवळ राहतं. लहान मुलाच्या हातात ट्रम्पेटचा भोंगा दहा मिनिटांत जमिनीकडे झुकतो, आणि मग मूल माऊथपीस ओठांवर दाबून तोल सावरतं. ती सवय पुढे सुटत नाही. इंग्लंडमधल्या ब्रास बँडांतही पोरांची सुरुवात बहुधा कॉर्नेटवर होते. समोरचे वरचे पक्के दात आलेले नसतील तर घाईच करू नये, वर्षभर ड्रम वाजवू द्यावा. माऊथपीस फार खोल किंवा फार रुंद नको. बाजारात 7सी म्हणून मिळतो तो ठीक.

आता मेरठ. तिथल्या जलीकोठी भागात बनणाऱ्या बाजाला नावं ठेवण्याची फॅशन शहरी संगीतशिक्षकांत आहे, तिच्यात आम्ही सामील नाही. तिथली नादिर अली कंपनी 1885 ची. तिथल्या कारागिरांनी देशभरच्या वरातींना भोंगे पुरवले आणि आपली चूलही त्याच बाजांवर पेटते. पण हातकामात दोन नग सारखे नसतात, म्हणून मेरठचा बाजा चित्र बघून मागवायचा नाही. नागपूरला किंवा अमरावतीला जाऊन चार नग वाजवून त्यातला एक उचलायचा, आणि वाजवायला मास्तरांनी सोबत जायचं. यामाहाचा 2330 किंवा ज्युपिटरचा शिकाऊ नमुना डोळे मिटून घेण्यासारखा आहे, पण पहिल्या वेच्याच्या कापसाच्या पैशांतून एवढी रक्कम काढायला सांगणं आम्हाला पटत नाही. हेच बाजे जुने मिळाले तर मात्र नव्या हलक्या बाजापेक्षा तेच घ्यावेत. प्लास्टिकचा ट्रम्पेट हलका असतो, पडला तरी चेपत नाही. चांगल्या कंपनीचा असेल तर वर्ष-दोन वर्षांसाठी त्याला नाक मुरडू नये.

घेतल्यानंतरची हेळसांडही आपल्याकडूनच सुरू होते. पिस्टनला खोबरेल तेल घालणारे मास्तर अजून आहेत. खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं. पुसद-उमरखेडकडची जानेवारीची पहाट त्याहून कितीतरी गार असते, म्हणजे 26 जानेवारीच्या झेंडावंदनाला पिस्टन थिजलेले. शिलाई मशीनचं तेल पातळ वाटतं, पण धूळ धरून त्याचा चिखल होतो. पिस्टन ऑइलची एक बाटली शिकाऊला महिनोन्‌महिने पुरते, त्यात काटकसर कशाला? बाजा पितांबरीने घासू नये. देवघरातल्या समईला लॅकरचा थर नसतो, बाजाला असतो. पिस्टन धुवायला काढले की पुन्हा आपापल्या नंबराच्या घरातच बसवावेत. अदलाबदल झाली तर फुंक आत जात नाही आणि "बाजा बिघडला" म्हणून दुरुस्तीवाल्याकडे धाव घेतली जाते.

याहून महत्त्वाचं म्हणजे पहिल्याच दिवशी बाजा घ्यायची गरज नसते. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना आधी स्वर गाऊन वाचायला शिकवत, वाद्य मागाहून हाती येई. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, ख्रिस पेरी हे ट्रम्पेटवाले त्याच मातीतले. 1951 च्या 'अलबेला'मध्ये आपल्या सी. रामचंद्रांनी चिक चॉकलेटचा ट्रम्पेट वाजवून घेतला तो आजही जुना वाटत नाही. आपल्याकडे मूल आलं की त्याच दिवशी भोंगा हाती देऊन 'फुंक' म्हणतात. दोन महिने नुसता माऊथपीस द्यावा, त्यावर आरोह-अवरोह वाजवून घ्यावा, सोबत गाऊन घ्यावं. तेवढ्यात कोण टिकणार ते कळतं आणि बापाचे पैसेही वाचतात.

आणि बाजे आहेत कुठे, तर आपल्याच दुकानांत. डीजे आणि धुमाल पार्ट्यांनी वराती नेल्यापासून आपल्याकडच्या कित्येक पथकांत बाजे पोत्यात बांधून पडले आहेत. सीझन संपला की ते भंगाराच्या भावाने जातात. त्यातला एखादा निवडून, पिस्टन साफ करून, नवे बूच आणि स्प्रिंग टाकून एका मुलाला वर्षभर भाड्याने दिला तर बापाला परवडेल आणि मालकालाही चार पैसे मिळतील. भाडं कमी ठेवावं आणि बाजाची स्थिती कागदावर लिहून द्यावी. नवा बाजा घेऊन देताना दुकानदाराकडून कमिशन घेण्याची प्रथाही थांबवावी. घ्यायचंच असेल तर पालकासमोर घ्यावं.

ज्या बँडमालकांची असा एक तरी बाजा द्यायची तयारी आहे त्यांनी तालुका, वाद्य आणि महिन्याचं भाडं आम्हाला कळवावं. पुढच्या अंकापासून ही यादी शेवटच्या पानावर छापू. जागेचे पैसे घेणार नाही.