पदवीआधीची वीस वर्षे कोणाच्या खाती?

औषधांच्या कारखान्यात दिवसा राबून रात्री त्याच विद्येची पदवी मिळवू पाहणाऱ्या कामगाराचे तोंडभर कौतुक करण्याची रीत आहे. कायदा त्याच्याशी कसा वागतो, हे मात्र या कौतुकाच्या गलबल्यात कोणी पाहत नाही.

१९४५ च्या औषध नियमावलीतील नियम ७१ पाहावा. उत्पादन सक्षम तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे, असे तो सांगतो. त्यात वावगे काही नाही. ही व्यक्ती फार्मसीची पदवीधर असेल तर अठरा महिन्यांचा आणि रसायनशास्त्र घेतलेली विज्ञान पदवीधर असेल तर तीन वर्षांचा उत्पादनाचा अनुभव हवा. मेख पुढेच आहे. हा अनुभव पदवीनंतरचा हवा! विद्यापीठात शिकताना सहा महिने कारखान्यात उमेदवारी केलेल्या फार्मसीच्या विद्यार्थ्याला अठरातून सहा महिन्यांची सूट मिळू शकते. ज्याने वीस वर्षे ग्रॅन्युलेशन विभागात काढली आणि मग नोकरी सांभाळून विज्ञानाची पदवी घेतली, त्याची वीस वर्षे मात्र शून्य. पाहुण्याचे सहा महिने जमेस धरावयाचे आणि घरच्याची वीस वर्षे पुसून टाकावयाची, हा कोणता हिशेब?

या वीस वर्षांत तो काय शिकलेला असतो? भुकटीत बांधणीचे द्रावण किती मुरले, हे तो मुठीत गोळा दाबून ओळखतो. पाणी अधिक झाले तर कण टणक होऊन गोळी विरघळावयास वेळ घेते आणि कण फार सुकले तर गोळीचे टोपण उडते, हे त्याला हाताने ठाऊक असते. का, हे ठाऊक नसते. आणि तेवढ्याचसाठी तो रात्री वर्गात जाऊन बसतो. उत्पादन अभियांत्रिकी शिकल्यावर त्याला आणखी एक गोष्ट उमगते. गोळ्यांच्या यंत्राचा वेग वाढविला की प्रत्येक गोळीवर दाब टिकण्याचा काळ घटतो, आत कोंडलेली हवा बाहेर पडावयास सवड मिळत नाही आणि टोपणे उडू लागतात. म्हणजे पाळीचा कोटा वाढविणाऱ्या व्यवस्थापकाच्या टेबलावर तो आता आकडे ठेवू शकतो. मालकवर्गाला अशा विद्यार्थ्याचे भय वाटते ते याचसाठी. कालमापनाचे शास्त्र मालकाच्या हाती असते तोवर ते कार्यक्षमता. कामगाराच्या हाती आले की ती बेशिस्त.

औषधे हा जिवाशी खेळ आहे, तेथे सवलत नको, असा आक्षेप येईल. सवलत मागतो कोण? परीक्षा तीच असावी. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉलयुक्त ग्लिसरीनने चौदा रुग्णांचा बळी घेतला आणि न्या. लेंटिन यांना चौकशी करावी लागली. २०२५ साली छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून तेच विष लहान मुलांच्या पोटात गेले. ही दोन्ही द्रव्ये बिनरंगी, दाट आणि गोडसर. नजरेने ओळखू येत नाहीत. पीप उघडणाऱ्या हाताला त्यांचा भेद आणि तपासणीची रीत ठाऊक असणे, ही रुग्णाच्या जिवाची राखण आहे.

शिक्षणाची सोय मुळीच नाही, असेही नाही. नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना २०२३ पासून परवानगी मिळू लागली आहे. पण तारापूर, कुरकुंभ किंवा वेर्ण्याच्या कारखान्यात पाळी दर आठवड्याला फिरते. या आठवड्यातला मोकळा सायंकाळचा तास पुढच्या आठवड्यात यंत्रापाशी जातो. कंत्राटी कामगाराला तर पाळी बदलून मागण्याचीही सोय नाही. सवेतन शैक्षणिक रजेचा आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा करार १९७४ चा. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

शिकणाऱ्या कामगाराला स्थिर पाळी आणि परीक्षेपुरती सवेतन रजा, ही मागणी युनियनांनी बोनसच्या मागणीइतक्याच नेटाने लावून धरावयास हवी होती. बहुतेकींच्या मागणीपत्रात ती शोधूनही सापडत नाही. राहिला नियम ७१. त्यातील 'पदवीनंतर' ही अट काढावयास नवा कायदा लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कारखान्यांसाठीचे शेड्यूल एम केंद्र शासनाने अधिसूचना काढून नव्याने लिहिले. हा शब्दही तसाच खोडता येतो.