एका डावाचा खेळाडू

वॉल्टर ऑल्स्टन खेळाडू म्हणून अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये उतरले ते 1936 साली, सेंट लुईस कार्डिनल्सकडून, आणि तेही एकाच सामन्यात. फलंदाजीची एकच संधी मिळाली, तीत ते बाद झाले. पुन्हा बोलावणे आले नाही. उरलेली वर्षे दुय्यम संघांत गेली. हिवाळ्यात ओहायोत शाळेत शिकवायचे, उन्हाळ्यात खेळायचे. पुढे संघ सांभाळण्याचे काम आले.

1946 साली नॅशुआ या छोट्या शहराच्या संघात त्यांच्या हाताखाली रॉय कॅम्पानेला आणि डॉन न्यूकम हे कृष्णवर्णीय खेळाडू होते. जॅकी रॉबिन्सनने कृष्णवर्णीयांसाठी मेजर लीगचे दार उघडायला अजून वर्ष होते. एका सामन्यात पंचांनी ऑल्स्टनना मैदानाबाहेर काढले, तेव्हा त्यांनी संघाची सूत्रे कॅम्पानेलाकडे दिली. त्या काळच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. आम्हाला तर त्यांच्या साऱ्या करंडकांहून ती मोठी वाटते.

1954 मध्ये मेजर लीगमधील ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाने त्यांना व्यवस्थापक नेमले. दुसऱ्याच वर्षी ब्रुकलिनला वर्ल्ड सिरीजचे पहिले आणि एकमेव विजेतेपद मिळाले. संघ लॉस एंजेलिसला गेल्यावर 1959, 1963 आणि 1965 अशी आणखी तीन विजेतेपदे आली. करार मात्र दर वेळी एकाच वर्षाचा, असे 23 करार! दर शरद ऋतूत नोकरी जाऊ शकत होती, तरी या अबोल माणसाने त्याबद्दल कधी आरडाओरडा केला नाही. मोठे खेळाडूच मोठे मार्गदर्शक होतात, असे मानून आपल्याकडेही नेमणुका होतात. त्या करणाऱ्यांनी ऑल्स्टन यांची कारकीर्द जरूर अभ्यासावी.