बक्षीस दिलंत, आता संध्याकाळ द्या

सॅन डिएगोच्या बाल्बोआ पार्कमध्ये उन्हाळ्यातल्या सोमवारी संध्याकाळी बाकं भरू लागतात. तिकीट कुणीच काढलेलं नसतं. समोर कमानदार वास्तूत स्प्रेकल्स ऑर्गन: ५,००० हून अधिक नळ्या, त्यांतल्या सर्वांत मोठ्या ३२ फुटी. साखरेच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या जॉन आणि अ‍ॅडॉल्फ स्प्रेकल्स या भावांनी तो शहराला दिला आणि ३१ डिसेंबर १९१४ रोजी, पनामा-कॅलिफोर्निया प्रदर्शन उघडण्याच्या बेताला, त्याचं लोकार्पण झालं. रविवारी दुपारी दोनची मैफल आजही सर्वांना मोफत आहे. उन्हाळ्यातल्या सोमवारच्या ऑर्गन महोत्सवाला मात्र देशोदेशीचे वादक येतात. त्यात एखादी संध्याकाळ नुकत्याच स्पर्धा जिंकलेल्या दोन तरुण वादकांना मिळावी, तीही पूर्ण, आणि दर वर्षी मिळावी. परदेशातल्या मराठी मंडळांनाही यातून घेण्यासारखं पुष्कळ आहे.

स्पर्धा आणि मैफल यांत फरक आहे, आणि उघड्यावर तो फारच वाढतो. पेन्सिल्व्हेनियातल्या लाँगवुड गार्डन्समध्ये २०१३ साली आंतरराष्ट्रीय ऑर्गन स्पर्धा सुरू झाली. पहिलं बक्षीस ४०,००० डॉलर. तिथला ऑर्गन १०,०१० नळ्यांचा, पण बंद दालनातला. श्रोते खास स्पर्धेसाठी आलेले, परीक्षक कागद घेऊन बसलेले, हवा नियंत्रित. बाल्बोआ पार्कमध्ये यातलं काहीच नाही. दगडी चर्चमध्ये सूर संपल्यावरही काही क्षण घुमत राहतो आणि वादकाच्या दोन स्वरांमधली फट भरून काढतो. उघड्या आकाशाखाली ती फट जशीच्या तशी ऐकू येते. बाखचा फ्यूग चर्चमध्ये ज्या स्पर्शाने वाजतो, त्याच स्पर्शाने इथे वाजवला तर तुटक वाटतो. बोटं पट्ट्यांवर जास्त वेळ ठेवावी लागतात.

त्यात ऊन उतरतं. नुसत्या हवेच्या झोतावर वाजणाऱ्या नळ्यांचा सूर गारव्याने खाली येतो. तापमान १० अंश सेल्सिअसने घसरलं तर जवळजवळ एक तृतीयांश अर्धस्वराने. ज्या नळ्यांत पितळी जीभ असते, त्यांचा सूर मात्र फारसा हलत नाही. (पेटीची पट्टी डिसेंबरात आणि मे महिन्यात जवळपास तीच राहते, तेही या धातूच्या जिभेमुळेच.) म्हणजे मैफलीच्या सुरुवातीला एकमेकांत मिसळणारे दोन आवाज शेवटाकडे एकमेकांपासून सुटू लागतात. कुठले आवाज एकत्र आणायचे आणि कुठले टाळायचे, हे वादकाने वाजवता वाजवता ठरवायचं. वरून विमानं उतरत असतात, कारण विमानतळाची वाट बागेवरूनच जाते. आणि फुकट आलेला श्रोता कंटाळला की सरळ उठून जातो. तरुण वादकाला घडवणारी याहून चांगली जागा कुठली?

दोघे असले की आणखी एक गोष्ट साधते. एका ऑर्गनवर दोघांनी वाजवायची संगीतरचना दुर्मीळ. गुस्टाफ मेर्केलचा डी मायनरमधला सोनाटा चार हातांसाठी आणि चार पायांसाठी लिहिलेला आहे, आणि तो स्वतः एका स्पर्धेत बक्षीस मिळवून आलेला. काल एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले दोघे आज त्या एकाच बाकावर बसून पायपट्ट्या वाटून घेतात, हे ऐकायला आणि पाहायलाही मिळायला हवं.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं: नवीन नावांना गर्दी होत नाही. जिथे तिकीटच नाही तिथे हे कारण लंगडं पडतं, आणि जिथे तिकीट आहे तिथेही ते खरं नाही. भीमसेन जोशींनी १९५३ साली पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात तरुण कलाकारांना त्याच मंचावर, त्याच श्रोत्यांसमोर बसवण्याची परंपरा आहे. दिग्गजांसाठी आलेल्या रसिकांनी तिथे अनेक नवी नावं प्रथम ऐकली आणि लक्षात ठेवली.

आता आपल्याकडे पाहावं. परदेशातल्या कितीतरी मंडळांत गायन-वादनाच्या स्पर्धा होतात. इथे वाढलेली मुलं शनिवार-रविवार गुरूंकडे जाऊन, ऑनलाइन शिकवण्या घेऊन, आईवडिलांनी मैलोन् मैल गाडी हाकून नेल्यावर शिकतात. त्यांना करंडक मिळतो, व्यासपीठावर फोटो निघतो आणि मग मुख्य कार्यक्रमाला भारतातून कलाकार येतात. येणाऱ्यांबद्दल तक्रार नाही. त्यांच्याकडूनच तर ही मुलं शिकतात. पण जिंकलेल्या मुलीला दहा मिनिटं मिळतात, तीही जेवणाच्या रांगा लागलेल्या असताना, तेव्हा तिने काय समजायचं? यमनचा विस्तार दहा मिनिटांत होत नाही.

म्हणून एक ठोस सूचना. येत्या गणेशोत्सवात मागच्या स्पर्धेतल्या दोन विजेत्यांना मिळून मुख्य संध्याकाळचा एक पूर्ण तास द्यावा. तबला आणि पेटीची संगत मंडळाने ठरवावी, तालीम आधी करून घ्यावी, ध्वनिव्यवस्था पाहुण्या कलाकारांना असते तीच असावी. त्या तासात जेवणाचे स्टॉल बंद राहावेत. हवामान अनुकूल असेल तिथे हा तास शहरातल्या उद्यानात, सर्वांसाठी खुला ठेवावा, म्हणजे मराठी न कळणारे शेजारीही येऊन बसतील. आणि दोघांना मानधन द्यावं, रक्कम लहान असली तरी चालेल, कार्यक्रम संपताच पाकिटात.